पिन दिसल्याशिवाय नाही

समोर बर्फाच्या भुरभुरीत माणूस उभा होता. एका हातात पिन उंच धरलेली, तिला बांधलेली लाल फीत. दुसऱ्या हाताने तो सलाम करत होता. कॅप्टन अर्विड हॉगेनने उत्तरादाखल काचेआडून हात उचलला आणि तसाच धरून ठेवला. काहीतरी खटकत होतं. काय ते नेमकं कळत नव्हतं.

विमान मागे ढकलून झालं की खालचा माणूस ट्रॅक्टर सोडवतो, पुढच्या चाकातली पिन उपसतो, पायलटशी बोलायची वायर काढतो आणि बाजूला येऊन ती पिन दाखवतो. पिन दिसली म्हणजे खाली कोणी नाही. मग कुठे ब्रेक सोडायचा. एकवीस वर्षांत अर्विडने पिन पाहिल्याशिवाय विमान वीतभरही हलवलं नव्हतं.

फार्गोच्या विमानतळावर दुपारचे चार वाजले होते. पहाटे तीनला उठल्यापासूनचं हे पाचवं उड्डाण. मधले तीन तास बर्फाने खाल्ले, तेही खुर्चीत बसूनच गेले. दमलोय असं फोन करून सांगायची सोय कंपनीत आहे, नाही असं नाही. फक्त पलीकडची बाई गोड आवाजात विचारते, दमलाय म्हणजे किती? आता याचं काय डोंबल उत्तर द्यायचं? अर्विडने फोन हातात घेतला होता आणि परत खिशात टाकला होता. शेवटचंच तर उड्डाण, मग घर. शेजारच्या खुर्चीतल्या डेनिसला, म्हणजे सहपायलटला, त्याने विचारलंही होतं, पेंग येतेय का म्हणून. आधी स्वतःची जांभई आवरा, असं तिने सुनावलं, आणि दोघंही हसले होते.

आज खाली लेलँड होता. कागद द्यायला तो वर आला तेव्हा त्याच्या मिशीला बर्फ लागला होता. ट्रॅक्टरचा हुक सकाळपासून गोठून बसतोय, सोडवायला वेळ लागेल, असं तो कुरकुरला. "घाई करू नका बरं का. संध्याकाळी बोलिंगचा सामना आहे, दोन्ही पाय लागतील मला."

अर्विडने डोळे चोळले. माणूस तिथेच होता. वाऱ्याने बर्फ आडवा धावत होता, इमारतीवरचा झेंडा फाटेल की काय असा फडफडत होता. फीत मात्र सरळ खाली लोंबत होती.

आपल्या डोळ्यांवर त्याचा भरवसा उरला नाही. पण दुसरी खुर्ची असते ती त्यासाठीच. एकाने विचारायचं, दुसऱ्याने बघून सांगायचं.

"डेनिस, पिन दिसतेय ना तुला?"

"दिसतेय," ती म्हणाली. स्पष्ट, नेहमीच्या आवाजात.

त्याला हायसं वाटलं. वय झालं, उगाच शंका काढतो आपण, असं म्हणत त्याने ब्रेकच्या मुठीला हात घातला.

तेवढ्यात कानात खरखर झाली.

"कॅप्टन, ब्रेक राहू द्या हं," लेलँड धापा टाकत होता. "हुक अजून निघत नाहीये. मी चाकापाशी आडवा झालोय."

अर्विडचा हात मुठीवरच थिजला. समोर नुसता बर्फ होता, माणूस नव्हता. तो माणूस, ती फीत त्याने पाहिली होती सकाळी, रॅपिड सिटीच्या विमानतळावर, वारा पडलेला असताना. पण डेनिसने तर आत्ता पाहिली होती. त्याने तिच्याकडे मान वळवली.

तिचं डोकं खिडकीला टेकलेलं होतं. डोळे गच्च मिटलेले.

"दिसतेय," ती पुन्हा म्हणाली.