आपोआप आलेलं नाव

लातूरच्या आमच्या कोचिंग क्लासच्या ऑफिसात नवे फोन बसत होते. वायर जोडली की सर्व्हरवरून प्रत्येक फोनवर नाव-नंबर आपोआप यायचा. माझ्या फोनवर मात्र ‘गोदी’ आलं. भूकंपात गेलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला घरात गोदी म्हणायचे.

“मेलेल्या माणसाची चेष्टा करता? लाज वाटत न्हाई?” फोन बसवणाऱ्या मुज्तबावर मी ओरडलो.

“अल्लाकसम सर, हे नाव आम्ही टाकलंच न्हाई.”

संतापून मी वायर उपटली. फोनला वीजही त्याच वायरीतून मिळायची, तरी तो विझला नाही. उलट वाजू लागला.

उचलून मी खेकसलो, “कोण नालायक हाय रे?”

“दादा, वरच्या होस्टेलातल्या पोरांना आज बाहेर झोपव.”