आईच्या हातातला कान

आईच्या शोकसभेसाठी फोटो हवा होता आणि चाळीस वर्षांच्या अल्बमांत आई कुठेच धड सापडेना. लेकीच्या लग्नात ती पाठमोरी, वाढप्यांवर खेकसताना. नातवाच्या वाढदिवसाला त्याचंच नाक पुसायला वाकलेली. शेवटी मुख्याध्यापक असलेल्या धाकट्याला एक फोटो मिळाला. त्यात आई कॅमेऱ्याकडे बघून खळखळून हसत होती. चिमटीत मात्र कुणाचा तरी कान होता आणि कानाचा मालक चौकटीबाहेर राहिला होता. "कान पुसून टाकतो, साहेब. दोन मिनिटांचं काम," स्टुडिओवाला म्हणाला. "पुसाच," थोरल्या बहिणीने मान डोलावली. "चारचौघांत शोभतं का?" ज्याच्या नुसत्या खाकरण्याने अख्खी शाळा चिडीचूप व्हायची, त्या मुख्याध्यापकाचा हात आपसूक स्वतःच्या डाव्या कानाकडे गेला. "राहू द्या, माझाच आहे," तो म्हणाला. "आईने तो धरून नेलं नसतं, तर मी शाळेची पायरी चढलोच नसतो."