खुणा केलेला अंक

"गाड्यांच्या मासिकातला मुद्दा न् मुद्दा तपासून घेतलीय ही गाडी," घाट उतरता उतरता तो खुशीत म्हणाला. मागच्या सीटवर लेक झोपली होती.

बायकोला गाडी लागते. पिशवी शोधायला तिनं समोरचा कप्पा उघडला, तर आत मासिकाचा तोच अंक होता, आधीच्या मालकाचा. ‘जुनी गाडी घेताना’ या पानावर पेनाच्या खुणा होत्या. टायर, बॅटरी, रंग, क्लच. घेणारा जे बघणार, तेवढंच त्या माणसानं नवं करून ठेवलं होतं.

"अरे, हे बघ."

नवऱ्यानं मान वळवली नाही. त्याचा पाय पुन्हा पुन्हा पेडल दाबत होता आणि गाडीचा वेग वाढतच होता.

"ब्रेकचं काय लिहिलंय त्यात?" त्याचा आवाज चिरकला.

तिनं वाचलं, "गाडी उभी असताना दाबून बघा."