आदरार्थी

गल्लीतल्या रजयांच्या दुकानातून आत शिरलं, की मागे रेस्टॉरंटचं झाकलेलं अंगण लागायचं. तिथे कोपऱ्यातल्या टेबलाशी रोज दुपारी सुती साडीतल्या एक काकू येऊन बसत. कुलर थेट समोर असूनही त्यांचा पदर हलत नसे. हे एकदा लक्षात आलं, की गिऱ्हाईक अर्ध्या ताटावरून उठून जाई.

"मराठी बोलती है, तो तुम्हारा मामला है," मालक मॅनेजर अभिनवला म्हणाले. "कल तक यह नहीं गई, तो तुम जाओगे."

अभिनव रेल्वेवाल्याचा मुलगा. घर मराठी, शाळा हिंदी, वाढला सगळा जयपुरात. त्याने टेबलाजवळ जाऊन हात जोडले. "काकूजी, आता तुम्ही जा. मतलब, कायमच्या."

काकूंनी पहिल्यांदाच मान वर केली. "निघणाऱ्या माणसाला 'जा' म्हणतात होय रे? घरात कुणी शिकवलं नाही? 'या' म्हणावं."

अभिनव ओशाळला. "सॉरी, काकूजी. या."

काकूंचा चेहरा उजळला. त्या उठल्या आणि भिंतीतून निघून गेल्या. मालकांनी अभिनवला स्वतःच्या हाताने लस्सी आणून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणातली अकराच्या अकरा टेबलं भरलेली होती. एवढी माणसं, पण कुजबुज नाही, की खुर्ची सरकल्याचा आवाज नाही.

"काकूजी, हे सगळे?" अभिनवने कसंबसं विचारलं.

"'या' म्हणालास ना," काकू म्हणाल्या. "'ये' म्हणाला असतास, तर एकटीच आले असते."