आईच्या वाट्याचं पथ्य

बाबनरावांचे केस तिशीतच विरळ झाले, तेव्हा त्यांच्या आईनं, तुळजाबाईंनी, हळदीकुंकवाला जमलेल्या इतवारीतल्या साऱ्या बायांसमोर सुनेकडे बोट दाखवलं.

“हिच्या हातचं खाऊन माह्या पोराले टक्कल पडून राहिलं. माहेरी जाऊन सैपाक शिकून ये वं.”

पुष्पलता मान खाली घालून माहेरी, खाप्याला गेली. दोन महिने तिच्या आईला गावात तोंड दाखवायची चोरी झाली. परत येताना ती सीताबर्डीवर उतरली, एका डॉक्टरांना भेटली आणि मगच घरी आली.

“टक्कल आईच्या घराण्यातून येते म्हणे, आई,” तिनं सासूला सांगितलं. “मनून पथ्यही आईनंच पाळाचं. तिखट नाही, तेल नाही, तर्री नाही.”

तुळजाबाईंच्या डोळ्यांपुढे रामटेकचे आपले टकले भाऊ उभे राहिले.

तेव्हापासून बाबनराव वडाभातावर ताव मारायचे आणि शेजारच्या पाटावर तुळजाबाई उकडलेला दुधी गिळायच्या. वर्षभरात बाबनरावांचं डोकं पुरतं गुळगुळीत झालं.

“आतातरी थोडी तर्री वाढ ना वं,” तुळजाबाई काकुळतीला आल्या.

“धीर धरा, आई. आता धाकट्या भाऊजीचे केस वाचवाचे हायेत.”

 

डॉक्टर तिला म्हणाले होते, “घराण्यातून आलेल्या टकलाचा जेवणाशी काही संबंध नाही, बाई. ज्याला जे आवडतं, ते खुशाल खाऊ घाला.”