कुंपणाकडची बाजू

विल्फ हॉजेट्सने गाडीचं डावं दार उघडलं आणि ते धरून तो उभा राहिला.

गाडी हिरवी, टप नसलेली, दोघांपुरती, लिस्बनला निघालेली. तिच्या पत्र्याखालचा लाकडी सांगाडा विल्फच्या हातचा, शेवटचा. आमच्या कारखान्यात जुनी रीत आहे. निवृत्त होणाऱ्याने आपली शेवटची गाडी टेकडीला वळसा घालून आणायची, शेजारी नवऱ्याला किंवा बायकोला बसवून. बाकीचे अंगणात चहाचे कप घेऊन उभे राहतात आणि टाळ्या वाजवतात. या फेरीसाठी विल्फच्या बायकोने, नोरीनने, केसांना बांधायला निळा रुमालही घेऊन ठेवला होता. एप्रिलमध्ये ती गेली. तरी फेरी मारायचीच, असं विल्फने सगळ्यांना बजावलं होतं. तिला तसा शब्द दिला होता म्हणे.

"वा रे पठ्ठ्या!" रंगखात्यातला डेरेक ओरडला. "परदेशच्या गाडीचं बरोबर दार उघडलंस! आम्ही अजून उजवीकडे जाऊन बसतो आणि स्टिअरिंग शोधतो."

सगळे हसले. खोटं नव्हतं ते. आमच्यातल्या प्रत्येकाची अशी फजिती झालेली आहे.

विल्फ मात्र बसेना. दार धरून, किंचित वाकून, तसाच उभा. एखादी बाई कोट सावरून आत बसेपर्यंत माणूस थांबतो, तसा.

"बस की आता! मुहूर्त बघतोयस का?" डेरेक म्हणाला.

विल्फने खाली पाहिलं. नोरीनच्या नेहमीच्या जागेसमोर स्टिअरिंग होतं.

गाद्या शिवणाऱ्या ग्लेनिसच्या ते आधी लक्षात आलं. नोरीन तिची मैत्रीण. तिने कप खाली ठेवला. मग एकेक करून सगळ्यांच्याच. डेरेकचा चेहरा तर बघवेना.

"मी येऊ का रे सोबत?" ग्लेनिसने हळूच विचारलं.

"नको."

तो तिथेच बसला, डावीकडे. उजवी जागा रिकामी ठेवून गाडी फाटकाबाहेर गेली.

विल्फच्या घरी जुनी गाडी आहे, आमच्याच कारखान्यातली, उजव्या स्टिअरिंगची. दर रविवारी दोघं तीतून टेकडीवर जायची. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपांचं कुंपण, आणि नोरीन कायम डावीकडे, कुंपणाकडच्या बाजूला. "अरे, घालतोस का मला काट्यांत?" ती ओरडायची. "हातभर जागा आहे गं, उगाच घाबरतेस," हा म्हणायचा. दर नाताळच्या जेवणात नोरीन बाही वर करून कोपरावरचे ओरखडे सगळ्यांना दाखवायची. "कोपर आत ठेवावं माणसानं!" विल्फ म्हणायचा, आणि आम्ही सगळे त्याच्याच बाजूने हसायचो. तीही हसायची.

विल्फला परतायला उशीर झाला. चहा गार झाला, तरी कोणी आत गेलं नाही.

गाडी अंगणात येऊन थांबली. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कोणाला कळेना. डेरेकने सवयीने रंगावरून नजर फिरवली.

"गाडीला काही झालेलं नाही," विल्फ म्हणाला.

त्याच्या डाव्या कोपराला कोट फाटला होता. फाटक्या कापडात कुंपणातल्या ब्लॅकबेरीचं एक पान अडकलं होतं, आणि खाली रक्त दिसत होतं.

"अरे देवा! कोपर आत घ्यायचं नाही का?" ग्लेनिस आपला हातरुमाल घेऊन पुढे धावली.

विल्फने हात मागे घेतला. तिला पुसू दिलं नाही.

"हातभर नव्हती गं जागा," तो म्हणाला. "वीतभरसुद्धा नव्हती."