पहिली पुडी फुकट

"आधी फुकट द्यायचं, सवय लावायची आणि मग पैसे मागायचे! ही कुठली रीत?" कुमुदकाकू कडाडल्या. ज्या अ‍ॅपवरून त्यांचं मेतकूट विकलं जाई, त्यानं आता दरमहा भाडं मागितलं होतं.

सून शेजारी बसून मेतकुटाच्या चिमुकल्या पुड्या बांधत होती. नव्या गिऱ्हाइकाला पहिली पुडी फुकट, हा काकूंचाच नियम. ती पुड्यांकडे बघून नुसती हसली.

काकू वरमल्या. "अगं, पण माझं मेतकूट महाग वाटलं तर माणूस दुसरीकडे जातो. मी कुठे जाऊ? माझ्या गिऱ्हाइकांचे फोन नंबरसुद्धा त्या अ‍ॅपवाल्यांकडेच."

बोलता बोलता त्या थबकल्या. मग या महिन्याचं भाडं त्यांनी मुकाट्यानं भरलं.

"बांधलेल्या पुड्या परत सोड," त्या सुनेला म्हणाल्या. "प्रत्येकीत आपल्या नंबराची चिठ्ठी जाऊ दे."